पोचट गोळी काट्यावर कळते

प्रश्न : आमचं गाव खर्ड्यापासून जवळ. लढाईच्या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वी बंदुकीच्या गोळ्या चुलीवर शिसं वितळवून साच्यात ओतत, हे माहीत होतं. पण परदेशातले हौशी नेमबाज आजही ठासणीच्या बंदुकीसाठी घरी गोळ्या ओततात आणि एकेक गोळी काट्यावर तोलून वेगवेगळे ढीग लावतात, असं नुकतंच वाचलं. साचा एक, शिसं एक, मग वजन वेगळं का भरतं? आणि एवढा खटाटोप करून नेम खरंच सुधारतो का?
— एक वाचक, ता. जामखेड

उत्तर : अर्धं उत्तर तुमच्या खळ्यातच पडलेलं आहे. मळणी झाली की ज्वारी वाऱ्यावर उफणतात. भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट दाणा भुसाबरोबर लांब जातो. सुपात दोन्ही दाणे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फारसा फरक कळत नाही, वाऱ्याला मात्र कळतो. आता उफणणीचं काम यंत्र करतं, पण ‘पोचट’ हा शब्द आपल्याकडे राहिला आणि तो इथे नेमका लागू पडतो. गोळी तोलतात ती जड की हलकी हे कळावं म्हणून नव्हे. आतून भरीव आहे की पोचट, हे पाहायला दुसरा सोपा मार्ग नाही म्हणून तोलतात.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. तांब्याला १०८५ अंश लागतात. त्यामुळे तांब्याला भट्टी आणि भाता हवा, शिशाला चूल पुरते. गोळीचा साचा अडकित्त्यासारखा असतो : दोन दांड्या आणि सुपारी कातरण्याच्या जागी दोन पाकळ्या. प्रत्येक पाकळीत अर्धा गोल कोरलेला. पाकळ्या मिटल्या की आत पूर्ण गोल तयार होतो आणि वर एक लहान तोंड उरतं. त्यातून पळीने शिसं ओतायचं, चार-पाच सेकंद थांबायचं, साचा उघडायचा आणि गोळी कापडावर पाडायची. तोंडाशी जो देठ राहतो तो कापून टाकायचा.

पोचटपणा शिरतो तो त्या चार-पाच सेकंदांत. थंडीच्या दिवसांत बरणीतलं तूप थिजताना पाहिलं असेल. आधी कडेने थिजतं आणि शेवटी मधोमध खळगा पडतो. थिजताना तूप आकसतं आणि जे शेवटी थिजतं त्याच्या वाट्याला जागा भरायला काही उरत नाही. शिशाचंही तसंच. घट्ट होताना ते तीन-साडेतीन टक्के आकसतं. साच्याला टेकलेलं शिसं आधी गोठतं, बाहेर कवच तयार होतं आणि आतलं पातळ शिसं आकसू लागलं की त्याला वरून भर घालावी लागते. ती भर देठातून येते. म्हणून अनुभवी माणूस साच्याच्या तोंडावर शिशाचा चांगला जाडसर गोळा राहू देतो. तो गोळा गोळीच्या आधी गोठला तर वाट बंद होते आणि देठाच्या खाली पोकळी उरते. बाहेरून गोळी मोत्यासारखी गोल आणि चकचकीत दिसते. बाजारात कांद्याचा एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी आपण नजरेने लावतो. इथे नजर फसते.

दुसरं कारण थंड साचा. पहिल्या आठ-दहा गोळ्यांवर सुरकुत्या येतात, त्या सरळ पुन्हा भांड्यात जातात. हा दोष निदान दिसतो तरी. तिसरं कारण शिशातली भेसळ. एका घनसेंटिमीटर शिशाचं वजन ११.३४ ग्रॅम, कथलाचं ७.३ आणि अँटिमनीचं ६.७. भंगारातल्या कडक शिशात हे दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून त्याच साच्यातून निघालेली गोळी आकाराने जवळपास तेवढीच आणि वजनाने कमी भरते. कल्हईवाल्याने उरलेलं कथील शिशाच्या भांड्यात टाकलं, तर काटा ते सांगेल.

या सगळ्या कारणांनी गोळी हलकीच होते. एकाच साच्यातली गोळी जड होण्याचा मार्ग जवळजवळ एकच : साच्याच्या पाकळ्या पूर्ण मिटल्या नसणं. मग गोळीच्या पोटावर बारीक पट्टी उठते आणि ती नखाला लागते. त्यामुळे तोललेल्या गोळ्यांचा आलेख दोन्ही बाजूंना सारखा उतरत नाही. जड बाजूला एकदम कडा असतो आणि हलक्या बाजूला लांब शेपूट. हे ध्यानात न घेता काही जण शंभर गोळ्यांची सरासरी काढतात आणि सरासरीच्या आसपासच्या गोळ्या ‘चांगल्या’ म्हणून उचलतात. माझ्या मते ही चूक आहे. सरासरी पोचट गोळ्यांनी खाली ओढलेली असते. खरी गोळी कड्याशी, सगळ्यात जड ढिगात असते, आणि तिथून खाली मोजत यायचं असतं.

आकडे घेऊन पाहू, कारण त्यात एक गंमत दडली आहे. अर्ध्या इंचाच्या नळीला ०.४९० इंच, म्हणजे सुमारे साडेबारा मिलिमीटर व्यासाची गोळी वापरतात. शुद्ध शिशाची असेल तर तिचं वजन १७७ ग्रेन भरतं. ग्रेन हे इंग्रजांचं जवाच्या दाण्यावरून आलेलं माप. आता आपल्या सराफाकडे या. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. म्हणजे ही गोळी जवळजवळ बरोबर एक तोळ्याची! तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. परदेशी नेमबाज डिजिटल काट्यावर ग्रेनचे दशांश मोजतो, पण गुंजांनी तोलणाऱ्या जुन्या सोनाराला हे काम शिकवावं लागलं नसतं.

गोळीच्या पोटात मोहरीच्या दाण्याएवढी, दोन मिलिमीटरहून थोडी मोठी पोकळी असेल तर वजन एक ग्रेनने, म्हणजे अर्ध्या गुंजेने कमी भरतं. ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी असेल तर सहा ग्रेन, म्हणजे तीन गुंजा. उलट बाजूने पाहा : साच्यामुळे गोळीचा व्यास इंचाच्या फक्त एक हजारांशाने वाढला, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तर वजन एक ग्रेनने वाढतं. म्हणून एका ग्रेनच्या आतल्या फरकाचा फार अर्थ लावू नये. तो साच्याच्या उष्णतेचा, देठ कुठे कापला याचा किंवा हात किती घट्ट आवळला याचाही असू शकतो.

आता तुमचा खरा प्रश्न. नेम सुधारतो का? ते नळी कशी आहे यावर आहे.

नळीला आतून पिळाचे आटे असतील तर गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासतात. चिंधी आट्यांत घट्ट बसते आणि गोळी गरगर फिरत बाहेर पडते. अठ्ठेचाळीस इंचांत एक फेरा असा पीळ आणि सेकंदाला ४९० मीटर वेग धरला तर सेकंदाला चारशे फेरे होतात. पोकळी एका बाजूला असेल तर गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या मध्यबिंदूवर राहत नाही. नळीत आहे तोवर नळी तिला मध्यबिंदूभोवती फिरायला लावते. तोंडातून सुटताच तो सरकलेला गुरुत्वमध्य स्पर्शरेषेत निघून जातो. गोफण सोडल्यावर दगड जातो तसा. हिशेब केला तर मोहरीएवढ्या पोकळीने ५० मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर सरकते आणि ज्वारीएवढ्या पोकळीने तीन-साडेतीन सेंटिमीटर. ५० मीटर पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मधोमध लागणारी गोळी मोहरीने दहातच राहते, ज्वारीने बाहेर पडते. वजनातल्या फरकाने वेग बदलतो म्हणून गोळी वर-खाली लागते, ही समजूतही ऐकू येते. तो फरक या अंतरावर नगण्य आहे. घात करते ती पोकळीची जागा.

या हिशेबातून माझा सल्ला असा निघतो : शंभर गोळ्या तोलून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनचे दहा ढीग लावणं ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं. पण नेमाचं काम दोनच ढिगांत होतं : सर्वांत जड गोळ्यांपासून एका गुंजेच्या आतल्या एका बाजूला, बाकीच्या परत भांड्यात. शिवाय प्रत्येक गोळी देठाची खूण वर ठेवून भरली तर उरलेली बारीक पोकळी निदान प्रत्येक वेळी नळीच्या मधल्या रेषेवर येते आणि तिचा त्रास कमी होतो. हे काम फुकटचं आहे आणि ते तोलण्याइतकंच उपयोगी आहे.

नळी आतून गुळगुळीत असेल तर मात्र काटा गुंडाळून ठेवावा. आणि खर्ड्याच्या रणात बहुतेक नळ्या गुळगुळीतच होत्या. ११ मार्च १७९५ ला निजामाकडे रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी होत्या, मराठ्यांकडे पेराँच्या हाताखालच्या शिंद्यांच्या पलटणी. आठ वर्षांनी, ८ ऑगस्ट १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला भुईकोट किल्ला खाली झाला. त्या काळी कंपनीच्या पलटणींत ‘इंडिया पॅटर्न’ नावाची चकमकीची बंदूक होती. कंपनीसाठी बनवलेली ही बंदूक १७९७ पासून ब्रिटिश सैन्यानेही उचलली. तिच्या नळीचा आतला व्यास पाऊण इंच, गोळीचा ०.६९ इंचांच्या आसपास. म्हणजे गोळीभोवती मिळून दीड मिलिमीटर मोकळी जागा. ती मुद्दाम ठेवलेली, कारण चार-सहा बार काढले की नळीत दारूची काजळी साठते आणि घट्ट गोळी ठासताना शिपाई मारला जातो. पण या मोकळ्या जागेमुळे पावणेतीन तोळ्यांची ती गोळी नळीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर येते आणि शेवटी जिथे घासली असेल तशी फिरकी घेऊन निघते. ती फिरकी कोणत्या दिशेची असेल हे कुणालाच सांगता येत नाही. अशा गोळीतली गुंजभर पोकळी शोधणं म्हणजे पुरात वाहून जाणाऱ्या माणसाच्या सदऱ्याची इस्त्री तपासणं.

ही फिरकी उलगडली ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याचं तोफखान्याच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं. नंतर त्याने एक विलक्षण प्रयोग केला : बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली. गोळी डावीकडे जायला हवी होती. निघाली डावीकडेच, पण पुढे हवेत वळून उजवीकडे पडली! वाकलेल्या नळीत ती उजव्या भिंतीला घासत आली होती आणि त्या घासण्याने तिला फिरकी मिळाली होती. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत जो सरकतो, तोच हा प्रकार. (श्रीरामपूरच्या झहीर खानचा स्विंग यात धरू नका, तो शिवणीचा खेळ आहे, फिरकीचा नाही.) पुढे १८५२ मध्ये माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने यावर काम केलं आणि परिणामाला नाव त्याचं पडलं. रॉबिन्स मात्र कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. बंदुकीची गोळी वाकडी का जाते हे सांगणारा माणूस आपल्याच मातीत पुरला गेला, हे शाळेच्या पुस्तकात कुणी सांगितलं नाही.

वाचून हात शिवशिवले असतील तर दोन गोष्टी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि दारूगोळा तयार करण्याला वेगळा परवाना लागतो. कोकणात शेतीच्या राखणीसाठी अशा बंदुका आजही परवान्यावर आहेत, पण परवाना म्हणजे घरात कारखाना काढण्याची मुभा नव्हे. दुसरी गोष्ट, वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब जरी गेला तरी त्याची क्षणात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. आणि शिसं शरीरात साठत जातं, लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वांत घातक. ज्या पळीने शिसं ओतलं ती पुन्हा आमटीत जाता कामा नये.

प्रश्न : वरच्याच विषयातलं विचारतो. ‘बारा बोअर’मधले बारा म्हणजे काय? नळी बारा मिलिमीटरची तर दिसत नाही.
— एक वाचक, नगर शहर

उत्तर : बारा म्हणजे गोळ्या. एक पौंड शिशातून सारख्या आकाराच्या बरोबर बारा गोळ्या ओतल्या तर त्यांतली एक ज्या नळीत चपखल बसेल, ती नळी बारा बोअरची. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, म्हणून एक गोळी ३७.८ ग्रॅमची, सव्वातीन तोळ्यांची. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर येतो. वीस बोअर म्हणजे त्याच पौंडातून वीस गोळ्या, म्हणून आकडा मोठा आणि नळी लहान, हा उलटा हिशेब. व्यास अचूक मोजायची साधनं कारागिराकडे नव्हती तेव्हा तराजू सगळ्यांकडे होता. त्यामुळे नळीची जाडीसुद्धा वजनानेच सांगत. वर सांगितलेल्या इंडिया पॅटर्नची नळी या हिशेबात अकरा बोअरची भरते, आणि तिच्यात गोळी घालत ती पौंडाला चौदा-साडेचौदा येणारी. ०.४१० ही एक बंदूक या रांगेत बसत नाही, तो आकडा सरळ इंचांतला व्यास आहे.

प्रश्न : नगरचा किल्ला लढवताना चांदबिबीने शिसं संपल्यावर सोन्या-चांदीच्या गोळ्या झाडल्या म्हणतात. शक्य आहे का?
— एक वाचक, ता. पारनेर

उत्तर : मुघल शाहजादा मुरादने १५९५-९६ च्या हिवाळ्यात नगरला वेढा घातला, सुरुंगाने तट पाडला आणि चांदबिबीने रातोरात ते खिंडार बुजवून घेतलं, एवढा भाग इतिहासाचा. दारूगोळा संपल्यावर तिने आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जडजवाहीर तोफांत भरलं, ही दंतकथा. तरी तोफेत नाणी भरणं अगदीच अशक्य कोटीतलं नाही. १५४९ मध्ये नगरातच ओतलेली आणि आज विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान तोफ घ्या. तिच्या तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, त्यात पैशांच्या थैल्या सहज मावतील.

बंदुकीच्या गोळीची गोष्ट वेगळी. चांदी वितळायला ९६२ अंश लागतात आणि सोन्याला १०६४. म्हणजे चुलीचं काम नव्हे, सोनाराची मूस आणि भाता हवा. तेही किल्ल्यात असतीलच म्हणा. ओतल्या समजून, शिशाची एक तोळ्याची गोळी निघते तोच साचा घेऊ. त्यातून तांब्याची गोळी साडेनऊ माशांची निघेल आणि सोन्याची एक तोळा आठ माशांची. सोनं शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट जड, त्यामुळे मारा सर्वांत जबर तिचाच. चांदी मात्र शिशाहून साडेसात टक्के हलकी. तिची गोळी अकरा माशांच्या थोडी वर भरेल. वर सांगितल्याप्रमाणे कुणी काटा घेऊन बसला असता, तर चांदबिबीची चांदीची गोळी त्याने पोचट म्हणून बाजूला काढली असती.